धान्य कुठलेही, पाणी घरचे

बडोद्याच्या माणसाने व्हिस्कीवर लिहावे, यात पहिला विनोद आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा आमच्या वाट्याला आला, आणि तो आजही आमच्याकडे आहे. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे प्रमाणित करून घेतल्यावर परवाना मिळतो. म्हणजे आमच्या शहरात कायद्याने पिणारा माणूस कागदोपत्री आजारी असावा लागतो. आम्ही चौघे मित्र पासष्टी ओलांडलेले असूनही अद्याप तेवढे आजारी नाही. त्यामुळे एका मित्राचा मुलगा जपानहून सुट्टीवर आला आणि म्हणाला, "काका, दोन बाटल्या आणल्यात, पण त्या बडोद्याला आणणार नाही, तुम्हीच या," तेव्हा आम्ही सकाळची गाडी पकडून दहिसरला त्याच्या घरी गेलो. मी हे पिण्याच्या प्रचारासाठी लिहीत नाही. त्या संध्याकाळी जे बोलले गेले, त्याचे उत्तर मला तिथे सुचले नाही. ते आज देतो आहे.

मुलाचे सासू-सासरे पुण्याहून आले होते. टेबलावर दोन बशा होत्या. एकीत व्याह्यांनी आणलेली पुण्याची भाकरवडी, दुसरीत आम्ही नेलेली बडोद्याची. शेजारी आमचा लीलो चेवडो. मुलाने पहिली बाटली उघडली, ती यामाझाकी. दुसरी चौकोनी, बुटकी, अर्ध्या लिटरची: निक्का कंपनीची 'फ्रॉम द बॅरल'. हिच्यात मद्यार्क ५१.४ टक्के, म्हणून थोडे पाणी घालून घ्या, असे त्याने बजावले. आयुष्यात कधीकाळी दमणला जाऊन जी काही देशी व्हिस्की घेतली होती, ती घशाला ओरखडा काढून खाली उतरायची. यामाझाकी तशी नव्हती. जिभेवर आधी जर्दाळूसारखे काहीतरी आले आणि मग जुन्या लाकडी कपाटाचा वास. दुसरी जास्त आवडली. ती तिखट होती, गोड होती, आणि घोट संपल्यावरही बराच वेळ तोंडात राहिली. आमच्यातला रेल्वेतून निवृत्त झालेला मित्र खुशीत म्हणाला, "मला तर ही साव वेगळीच लागली! अजून थोडी चालेल, चोक्कस चालेल."

व्याही हसले. "साव? आमच्याकडे साव म्हणजे चोराच्या उलट."

गुजरातीत 'साव' म्हणजे अगदी, पूर्णपणे. बडोद्यात आम्ही ते मराठीत सर्रास वापरतो. व्याह्यांना ते समजावले. त्यावर ग्लास उजेडात धरून ते म्हणाले, "ही जपानी व्हिस्की म्हणजे तुमच्या बडोद्याच्या मराठीसारखी आहे. गोड आहे, पण अस्सल नव्हे. अस्सल ती स्कॉच. ही नक्कल."

सगळे हसले. मीही हसलो. आपली थट्टा झाली की आधी आपणच हसायचे, ही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची जुनी सवय आहे. बेळगाव, निपाणी, बिदर, कारवारच्या वाचकांना ती समजावून सांगायला नको.

वाचकहो, आता त्या दोन शब्दांकडेच आधी पाहू. 'अस्सल' हा शब्द मूळ अरबी. 'नक्कल' हाही मूळ अरबी. म्हणजे आमच्या मराठीची अशुद्धता सिद्ध करायला व्याह्यांना दोन्ही शब्द बाहेरूनच आणावे लागले! पुण्याला ज्याचा अभिमान, तो 'पेशवा' फारशी आहे. ज्यावर हा अंक छापला तो 'कागद' फारशीतून आला. वरणभातावरचे तूप आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता कानडीकडून आला, असे अभ्यासक सांगतात. तीनशे वर्षांपूर्वी उसने घेतले ते अस्सल, आणि आम्ही घेतले ते भेसळ, हा न्याय कुठला? उसने घेतल्याला जुनेपणाने पावित्र्य येत असेल, तर आम्हाला फक्त थोडा वेळ द्या.

आणि जपानी व्हिस्की नक्कल आहे का? मसाताका ताकेत्सुरू हा १८९४ साली जन्मलेला, हिरोशिमा प्रांतातल्या साके गाळणाऱ्या घराण्यातला मुलगा. १९१८ साली ओसाकाच्या एका मद्य कंपनीने त्याला स्कॉटलंडला धाडले. ग्लासगो विद्यापीठात तो रसायनशास्त्राच्या वर्गांना बसला, भट्ट्यांवर उमेदवारी केली, दिसेल ते वहीत टिपले. १९२० साली स्कॉटिश बायको घेऊन तो परतला, तर कंपनीकडे भट्टी उभारायला पैसा नव्हता. १९२३ साली शिंजिरो तोरी या व्यापाऱ्याने त्याला हाताशी धरले आणि क्योटोजवळ यामाझाकीची भट्टी उभी राहिली. जागा निवडली ती पाण्यासाठी. तीन नद्या तिथे जवळ येतात. १९२९ साली त्यांची पहिली बाटली बाजारात आली. ती पडली. लोकांना तिचा धूर सोसेना. का? कारण ती खरोखरच नक्कल होती, स्कॉचची प्रामाणिक नक्कल. जपानी जिभेला काय रुचते, याचा विचार तिच्यात नव्हता.

पुढची कथा म्हणजे नकलेपासून स्वतःच्या चवीकडे झालेला प्रवास. तोरींनी सौम्य चव शोधली. ताकेत्सुरू १९३४ साली वेगळा झाला आणि उत्तरेला होक्काइदोमध्ये योइची इथे त्याने आपली भट्टी घातली. तिथे व्हिस्की मुरेपर्यंत कंपनी सफरचंदाचा रस विकत होती. युद्धकाळात बाहेरचे लाकूड मिळेना, तेव्हा मिझुनारा या जपानी ओकची पिंपे वापरली. ते लाकूड गळके आणि त्रासदायक, पण त्यातून चंदनाची आठवण देणारा जो वास आला तो स्कॉटलंडकडे नव्हता. २००१ साली योइचीच्या दहा वर्षे मुरलेल्या व्हिस्कीला एका इंग्रजी व्हिस्की मासिकाने सर्वांत वरचा मान दिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित वार्षिकाने यामाझाकीची एक व्हिस्की जगात पहिली ठरवली. तिला पहिला क्रमांक देणारा परीक्षक इंग्रज होता. नक्कल अशी जिंकत नसते.

पण इथे मला आमच्याच शहराची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्यांवर चिडून लिहिताना आपले तेवढे झाकणे हा लबाडपणा होईल. परदेशी विद्येसाठी माणूस धाडण्याची कल्पना बडोद्याला जपानकडून शिकावी लागली नाही. ताकेत्सुरू जहाजात चढला त्याच्या पाच वर्षे आधी, १९१३ साली, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले. राजाने पाठवलेला, राजाने बोलावलेला हा विद्वान. आणि शहरात त्याला कोणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तिथेही लोक काठ्या घेऊन आले. अखेर कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी परतीच्या गाडीची वाट पाहिली. ताकेत्सुरूलाही त्याच्या कंपनीने काम दिले नाही, पण दुसरे दार उघडले. आमच्या शहरात एकही दार उघडले नाही. त्यातली बरीच दारे मराठीही बोलत असतील. उसने आणणे ही लाज नव्हे. आणलेले ठेवायला घरात जागा नसणे ही लाज.

शुद्धतेचा सोस काय करतो, हे त्या दारांनी दाखवले. माणसाची शुद्धता मोजणारे आणि शब्दाची शुद्धता मोजणारे सारखेच अपराधी आहेत असे मी म्हणत नाही. पण दोघांच्या हातातली मोजपट्टी एकाच दुकानातली आहे: कुठून आलास, हे आधी विचारायचे, काय आणलेस, हे विचारायचेच नाही.

योगायोग पाहा. ज्या १८९४ साली ताकेत्सुरू जन्मला, त्याच साली बडोद्यात माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्युलियन जन्मले. भाषाशुद्धीचे ते पुढे कडवे पुरस्कर्ते झाले, हे सर्वांना माहीत आहे. पण ह्याच माणसाने फार्सी-मराठी कोश रचला आणि गझलेचा परका साचा मराठीत रुजवला. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्याचे मोठे काम निघाले ते बाहेरचे बी आपल्या मातीत लावण्याचे! आणि ज्या सयाजीरावांनी मराठी असूनही राज्यकारभारात गुजरातीला मान दिला, त्यांच्याच राज्यात १९३१ साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा अनेक भाषांतले कारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडणारा कोश निघाला. मालेगावजवळच्या कवळाण्याचा, गादीवर आल्यानंतर शिकलेला हा मुलगा. कुठल्या शब्दाने बाटू, याची भीती त्याला कधी वाटली नाही.

दहिसरच्या त्या बैठकीत मी एवढे बोलू शकलो असतो तर छाती पुढे काढून परतलो असतो. पण गोष्ट तिथे संपली नाही. मुलगा म्हणाला, "काका, भांडणात एक गंमत सांगू? तुम्हाला जास्त आवडली ती दुसरी बाटली. आता जपानच्याच नियमाने ती जपानी व्हिस्की नाही."

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. त्याने सांगितले ते असे. जपानी व्हिस्कीला नाव मिळाले, मागणी वाढली, आणि पिंपे कमी पडली. व्हिस्की मुरायला वर्षे लागतात. नाव विकायला दिवस पुरतो. परदेशातून तयार व्हिस्की घाऊक आणायची, जपानमध्ये बाटलीत भरायची, वर जपानी अक्षरांचे देखणे लेबल लावायचे, हे तिथल्या कायद्यात बसत होते. म्हणून २०२१ साली तिथल्या मद्य उत्पादकांच्या संघाने स्वतःच स्वतःवर नियम घातला, आणि २०२४च्या मार्चअखेरपर्यंत सर्वांना मुदत दिली. 'जपानी व्हिस्की' म्हणवायचे असेल तर पाणी जपानमधले हवे, आंबवणे आणि ऊर्ध्वपातन जपानमध्ये हवे, सातशे लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षे जपानमध्ये मुरायला हवे, बाटलीही तिथेच भरायला हवी. निक्काने मग आपल्या बाटल्यांची यादीच जाहीर केली: या नियमात बसतात, या बसत नाहीत. 'फ्रॉम द बॅरल' बसत नाही. ती विकली जाते, लोक आवडीने घेतात, पण ती काय नाही ते कंपनीने सांगून टाकले आहे.

व्याही अर्थातच खूश झाले. "मी काय म्हणत होतो?"

नाही, व्याहीबुवा. तुम्ही म्हणत होता ते हे नव्हे. तो नियम पुन्हा ऐका. त्यात धान्य जपानी हवे असे कुठेही लिहिलेले नाही! बार्ली तिथे बहुतांशी बाहेरूनच येते. धान्य कुठलेही चालेल. पाणी घरचे हवे, खटपट घरची हवी, आणि वर्षे घरची हवीत. 'साव' गुजराती आहे म्हणून आमची मराठी खोटी ठरत नाही. तो शब्द हे आमचे धान्य. बेळगावच्या मराठीतले कानडी शब्द हे तिथले धान्य. आमच्या बेंगळुरूच्याच अमृत कंपनीचे उदाहरण घ्या. तिने आपली सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. तिची 'फ्यूजन' ही व्हिस्की स्कॉटलंडची धुरावलेली बार्ली आणि भारतातली साधी बार्ली यांच्या मिलाफातून होते. नावातच मिसळण सांगितली आहे. २०१० साली तिला एका जाणकाराने जगात तिसरे स्थान दिले. दोन धान्यांची म्हणून तिला कोणी हिणवले नाही, कारण ती बेंगळुरूच्या हवेत मुरलेली आहे. आपल्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने उडून जाते; तो तोटा सोसून मुरलेली आहे.

व्याह्यांना एवढे उत्तर पुरे. पण गाडीत परत येताना मला झोप लागली नाही, ती दुसऱ्या कारणाने. नियमाचा उरलेला भाग मला टोचत होता. पाणी, खटपट, वर्षे. यातले माझ्या घरात काय आहे?

माझ्या दारावर मराठी पाटी आहे. गणपतीला आरत्या मराठी. लग्नपत्रिका मराठी, तीही छापखान्यातल्या जुन्या नमुन्यावर नावे बदलून. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. हिंदीमुळे तिला देवनागरी वाचता येते, पण मराठी पान पुढे केले की ती म्हणते, "आजोबा, तुम्हीच वाचून सांगा ना." मी मराठीत विचारतो, ती गुजरातीत किंवा इंग्रजीत उत्तर देते, आणि मी ते चालवून घेतो. आमची मंडळे काय करतात? वर्षातून एकदा मुंबईचे नाटक मागवतात, पुण्याहून वक्ता आणून त्याला शाल घालतात, रात्री घरोघर मुंबईत तयार झालेल्या मालिका लागतात. वाचकहो, हे दुसरे काय आहे? बाहेरून पिंप मागवायचे, इथे बाटलीत भरायचे, वर 'बडोद्याची मराठी' असे लेबल लावायचे!

ह्या शहरात १९०९, १९२१ आणि १९३४ साली साहित्य संमेलने भरली. २०१८ साली एक्क्याण्णवावे संमेलनही इथेच झाले. मी तिन्ही दिवस मांडवात होतो, ऊर भरून आला होता. मांडव उठल्यावर माझ्या घरात एक पान जास्त वाचले गेले का? दुसऱ्याच्या घराचे मी विचारत नाही. माझ्या घरात नाही.

पुणेकराने आमच्या शब्दांना हसावे, याचा राग येतो. तो यावाच. पण आमच्या मराठीला खरा धोका त्या हसण्याचा नाही. हसले जाईल म्हणून आपले शब्द गिळायचे, गिळता गिळता बोलणेच कमी करायचे, आणि शेवटी फक्त पाटी ठेवायची, हा धोका आहे. त्या संध्याकाळी सगळे हसत असताना विहीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. निघताना त्या मला दारापाशी म्हणाल्या, "भाऊ, माझं माहेर निपाणीचं. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून माझे कितीतरी शब्द मी तोंडात आले की गिळते. आज तुमचे मित्र बिनधास्त 'साव' म्हणाले, मला बरं वाटलं." घरच्या माणसांत, तीस-पस्तीस वर्षे! त्या गिळलेल्या शब्दांचा हिशेब कुठल्या शुद्धलेखनाच्या नियमात मांडणार आहात?

म्हणून मागणे दोघांकडे आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, आमच्या मराठीची तपासणी करायला येऊ नका. जपानचा नियम स्कॉटलंडने लादला नाही. जपानने स्वतः केला. आमचा नियम आम्ही करू. आणि सीमेवरच्या, सीमेपलीकडच्या माझ्या माणसांनो, तो नियम आता खरोखर करू या. 'मराठी घर' म्हणवायचे असेल तर तीन वर्षे, रोज एक पान, मुलाने मोठ्याने वाचायचे; अडेल तिथे आपण सांगायचे. घरात विचारलेल्या मराठी प्रश्नाला मराठीतच उत्तर, मग त्यात गुजराती, कानडी, कोकणी, इंग्रजी जे मिसळेल ते मिसळो. मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमात निदान अर्धे काम आपल्या गावच्या माणसाचे: त्याने लिहिलेले, त्याच्या बोलीत, त्याच्या शब्दांची माफी न मागता. आणि ज्याला हे जमत नसेल, त्याने निक्कासारखे सांगून टाकावे की आमच्या घरी मराठी आवडते, पण इथे तयार होत नाही. त्यात कमीपणा नाही. कमीपणा खोट्या लेबलात आहे.

मी सुरुवात दसऱ्याला केली. नात रोज एक पान वाचते, कुरकुरत वाचते. हा लेख पाठवण्यापूर्वी तिच्याकडूनच वाचून घेतला. 'ऊर्ध्वपातन' या शब्दाला ती तीनदा अडखळली. 'साव'ला अजिबात नाही.